एक वीत रंग

अकोल्यात झालेल्या एका छोटेखानी सभेत आमच्या परिचयाच्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी, ज्यांच्या नोकरीचा सारा काळ इमारतींच्या बांधकामात गेला आणि ज्यांच्या सचोटीविषयी व अभ्यासाविषयी माझ्या मनात आजही पूर्ण आदर आहे, असे प्रतिपादन केले की, रेल्वेच्या आणि मेट्रोच्या स्थानकांत, विशेषतः जमिनीखालच्या फलाटांवर व रुळांखालून जाणाऱ्या भुयारी वाटांत, भिंतींना रंगीत टाइल लावणे हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय असून, पांढऱ्या टाइलखेरीज अन्य कोणत्याही टाइलला मंजुरी देऊ नये. आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ त्यांनी पाच कारणे सांगितली. पांढरी भिंत उजेड परत फेकते. पांढऱ्या भिंतीवर घाण लपत नाही, म्हणून ती पुसली जाते. पांढरी टाइल स्वस्त पडते आणि फुटली तर कोठेही मिळते. स्थानक ओळखण्यासाठी नावाची पाटी असते, त्याकरिता रंग लागत नाही. आणि शेवटचे, ज्यावर सभेत सर्वांत अधिक माना डोलल्या ते कारण असे की, आजच्या काळी प्रत्येक रंगाला कोणी ना कोणी मालक उभा राहिला आहे, तेव्हा सरकारी भिंतीने कोणताच रंग न घेणे हे शहाणपणाचे.

यांपैकी पहिले कारण मी बव्हंशी मान्य करतो, दुसरे व तिसरे अर्धेच मान्य करतो, चौथे मला मुळीच मान्य नाही, आणि पाचव्याशी तर मला भांडावयाचे आहे. कारण त्या पाचव्या कारणात जी शरणागती दडलेली आहे ती एकदा पत्करली, की प्रश्न टाइलपुरता राहत नाही.

वऱ्हाडात भूमिगत रेल्वे नाही, मग वऱ्हाडातील माणसाने या वादात का पडावे, असा आक्षेप कोणी घेईल, तर त्याचा खुलासा आरंभीच केलेला बरा. अमृत भारत स्थानक योजनेच्या यादीत अकोला, अमरावती, बडनेरा आणि मूर्तिजापूर ही चारही नावे आहेत. ६ ऑगस्ट २०२३ रोजी या योजनेखाली देशातील ५०८ स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली, त्यांत महाराष्ट्रातील ४४ होती. तेव्हा कोणत्या भिंतीला काय लावावे हा निर्णय आमच्याच दारात कोणीतरी घेणार आहे, आणि तो कंत्राटदाराच्या गोदामात जो माल शिल्लक असेल त्यावरून ठरू नये. शिवाय आमचा माणूस गावातच राहत नाही. तो रात्री अमरावतीहून किंवा अकोल्याहून गाडीत बसतो आणि पहाटे दादरला उतरतो. मुंबईतील आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची, २७ स्थानकांची आणि जवळजवळ संपूर्ण भूमिगत अशी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुली झाली आहे, पुण्यात सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटपर्यंत जमिनीखालून गाडी जाते, आणि या दोन्ही ठिकाणी परतवाड्याचा, बाळापूरचा, तेल्हाऱ्याचा प्रवासी उतरतो. भुयारात उतरल्यावर त्याला ना सूर्य दिसतो, ना झाड, ना देवळाचा कळस. जमिनीवर ज्या शंभर खुणांनी माणूस आपली जागा ओळखतो त्या सर्व तेथे एकदम हिरावल्या जातात आणि उरते ती केवळ भिंत. त्या भिंतीने काही सांगावे की मुकाट उभे राहावे, एवढाच माझ्या आणि त्या सद्गृहस्थांच्या वादाचा विषय आहे.

पांढऱ्या टाइलचा पक्ष घेताना त्यांनी पॅरिसचा दाखला दिला, आणि तो खरा आहे. १९०० साली पॅरिसची मेट्रो सुरू झाली तेव्हा विजेचे दिवे मंद होते. त्या मंद उजेडाचा कणही वाया जाऊ नये म्हणून कडा उतरत्या केलेल्या पांढऱ्या चकचकीत टाइल कमानीपर्यंत लावण्यात आल्या, आणि त्या उतरत्या कडांमुळे प्रकाश एकाच दिशेस न परतता चहूकडे विखुरला. ही योजना उत्तमच होती. परंतु दाखला द्यावयाचा तर तो पूर्ण द्यावा. त्याच शहरात अवघ्या दहा वर्षांनी, १९१० साली, नॉर्द-स्यूद नावाच्या दुसऱ्या कंपनीने आपला मार्ग उघडला, तेव्हा तिने भिंत पांढरीच ठेवली, मात्र तिच्यावर रंगीत टाइलच्या पट्ट्या व चौकटी घातल्या, आणि त्यांचा रंग नियमाने ठरविला: साध्या स्थानकांना तपकिरी, जेथे मार्ग बदलता येतो किंवा संपतो तेथे हिरवा, आणि मादलेन या एकाच स्थानकाला निळा. डोळे मिटून बसलेल्या प्रवाशाने क्षणभर डोळे उघडले आणि त्याला हिरवे दिसले, म्हणजे येथे गाडी बदलता येते हे त्याला वाचल्यावाचून समजावे. पांढऱ्याचे गुण त्या कंपनीलाही ठाऊक होते. तिने पांढऱ्याचा त्याग केला नाही, त्याला वाचा दिली.

लंडनमध्ये हाच विचार आणखी थोडा आधी झाला होता. १९०६ आणि १९०७ या दोन वर्षांत तेथे जमिनीच्या पोटातून जाणारे तीन नवे मार्ग सुरू झाले, आणि त्यांवरील सुमारे पन्नास स्थानकांचे आराखडे लेस्ली ग्रीन या तरुण वास्तुविशारदाने केले. बाहेरून सर्व स्थानके गडद तांबड्या चकाकत्या टाइलची, म्हणजे रस्त्यावरून पाहणाऱ्याला हे रेल्वेचे स्थानक आहे एवढे तत्काळ कळावे. आत मात्र प्रत्येक फलाटाच्या टाइलचा रंग आणि त्यांची नक्षी निरनिराळी, की नित्याच्या प्रवाशाला पाटी शोधावी न लागता आपले ठिकाण आले हे समजावे. हा मनुष्य १९०८ साली वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी वारला, पण त्याने घातलेल्या नक्ष्यांपैकी कित्येक आजही त्या फलाटांवर जपून ठेवल्या आहेत. बर्लिनमध्ये आल्फ्रेड ग्रेनांडर या स्वीडनमध्ये जन्मलेल्या वास्तुविशारदाने भूमिगत स्थानकांना आपापला ओळखीचा रंग मुक्रर करून दिला. या लोकांना सजावटीचा सोस होता असे म्हणणे सोपे आहे. पण ज्या कंपन्या पैशापैशाचा हिशेब ठेवीत होत्या त्यांनी हा खर्च मंजूर केला, तो कशासाठी, याचा विचार आमच्या सद्गृहस्थांनी केला नाही.

आता त्यांच्या चौथ्या कारणाकडे येतो. पाटी आहे, मग रंग कशाला?

माझी एक आत्या दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यात राहत असे. तिला अक्षरओळख नव्हती. मूर्तिजापूरहून दर्यापूर-अंजनगावमार्गे अचलपूरला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी, जिला सारा मुलूख शकुंतला म्हणतो आणि जी आता बंद आहे, तिच्यातून आत्या एकटी प्रवास करी आणि कधी चुकली नाही. कोणत्या स्थानकावर कडुनिंब कोठे आहे, कोठे पाण्याची टाकी आहे, कोठे फलाटापलीकडे कापसाच्या गाड्या उभ्या राहतात, ही तिची अक्षरे होती. उतारवयात तिच्या आजाराच्या निमित्ताने मी तिला एका महानगरात घेऊन गेलो, आणि आम्ही तेथील भूमिगत गाडीत बसलो. सर्व स्थानके एकाच राखी दगडाने मढविलेली होती. डबा भरलेला, पाट्या माणसांच्या खांद्यांआड, घोषणा गोंगाटात विरलेली. मी, ज्याने आयुष्यभर वाचण्यालिहिण्यावर पोट भरले, एक स्थानक आधी उतरलो, आणि डॉक्टरांची ठरलेली वेळ टळून गेली. फलाटावरील बाकावर टेकत आत्या म्हणाली, "सारी भीत सारखीच हाये बापा. आपल्या घरच्या भीतीले त पट्टा रायते, इथं काहीच नाही."

त्या वाक्यावर मी पुढे कित्येक वर्षे विचार केला आहे. आमच्या सद्गृहस्थांनी पाटीचा जो दाखला दिला तो पुढील गोष्टी गृहीत धरतो: प्रवाशाला वाचता येते, त्याला त्या पाटीवरील लिपी वाचता येते, त्याची नजर शाबूत आहे, आणि पाटी इतर माणसांच्या गर्दीतून त्याला दिसते. या चारही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणारा प्रवासी मेट्रोच्या नकाशावर असतो. शेगावला श्रींच्या दर्शनास येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत, मेळघाटातून मजुरीसाठी निघालेल्या कोरकू कुटुंबांत, चष्मा गावी विसरलेल्या वडीलधाऱ्यांत तो शोधून पाहावा. १९६९ साली मेक्सिको शहरात भुयारी रेल्वे सुरू झाली तेव्हा तेथील अनेक प्रवाशांना वाचता येत नाही ही गोष्ट लक्षात घेऊन प्रत्येक स्थानकाला एक चित्रखूण व प्रत्येक मार्गाला एक रंग देण्यात आला, आणि त्यात त्या शहराने कमीपणा मानला नाही. जो वाचू शकत नाही त्याच्यासाठी केलेली सोय वाचणाऱ्यालाही उपयोगी पडते. जो वाचू शकतो त्याच्यासाठीच केलेली सोय दुसऱ्याला दाराबाहेर ठेवते. सार्वजनिक भिंतीचा विचार करताना या दोहोंतील फरक डोळ्यांआड करण्याची मुभा कोणाही अधिकाऱ्याला नाही.

आणि आत्याच्या त्या पट्ट्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण माझ्या मते सारा उलगडा तेथेच आहे. वऱ्हाडातील जुन्या मातीच्या घराची भिंत पांढऱ्या मातीने किंवा चुन्याने सारवलेली असे, आणि तिच्या पायथ्याशी, जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत, गेरूचा पट्टा ओढलेला असे. चुन्यात किंचित नीळ घालीत, की पांढरा रंग पिवळट न पडता स्वच्छ दिसावा. पोळ्याला, दसऱ्याला, दिवाळीला हा पट्टा नव्याने ओढला जाई, आणि तो ओढताना घरची बाई दोरी लावीत नसे, तरी तो सरळ येई. त्या पट्ट्याचे काम शोभेचे नव्हते असे मी म्हणत नाही. पण शोभा हे त्याचे दुसरे काम होते. पहिले काम असे की, पावसाचे शिंतोडे, सारवणाचे हात, ढोरांचे अंग जेथे भिंतीला लागते ती जागा वेगळी राखावी, आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात भिंत कोठे संपते व ओटा कोठे सुरू होतो हे डोळ्याला कळावे. पांढऱ्यावर एक पट्टा: ही गोष्ट आमच्याकडे शिकविण्यास पॅरिसहून कोणाला यावे लागले नसते.

विलक्षण गोष्ट अशी की, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने पुढे जी पद्धत स्वीकारली ती जवळजवळ हीच आहे. १९०४ साली तेथे पहिला मार्ग उघडला तेव्हा प्रत्येक स्थानकाला निरनिराळी चित्रे व चौकटी दिल्या होत्या. अ‍ॅस्टर प्लेस या स्थानकावर बीव्हर नावाच्या प्राण्याची भाजलेल्या मातीची आकृती आहे, कारण ज्या अ‍ॅस्टरच्या नावाने ते ठिकाण ओळखले जाते त्याची संपत्ती याच प्राण्याच्या कातड्यांच्या व्यापारातून आलेली होती. पुढे १९३२ साली शहराने स्वतःच्या मालकीचा नवा मार्ग उघडला, तेव्हा स्क्वायर व्हिकर्स या वास्तुविशारदाने चित्रे बाजूला ठेवली, भिंत पांढऱ्या टाइलची केली, आणि तिच्यावर एक रंगीत पट्टा ओढून त्याखाली नावाची छोटी अक्षरे वारंवार घातली, की बसलेल्या प्रवाशाला कोणत्याही खिडकीतून ती दिसावीत. पट्ट्याचा रंग कोठे बदलावा याचा त्याने नियम केला. ज्या स्थानकावर जलद गाडी थांबते तेथे रंग बदलतो. त्यापुढील लहान स्थानकांना, पुढचे जलद स्थानक येईपर्यंत, त्याच कुळातील रंग राहतो. जांभळा, निळा, हिरवा, पिवळा, तांबडा असे रंग एकामागून एक येत जातात. म्हणजे निळे दिसत असताना आपण कोणत्या टापूत आहोत, आणि रंग बदलला म्हणजे जलद गाडी धरण्याचे ठिकाण आले, हे दोन्ही अर्थ एका पट्ट्यात सामावले.

उजेडाविषयीच्या पहिल्या कारणाला मी बव्हंशी मान्यता दिली, ती संपूर्ण का नाही हेही सांगतो. वैशाखात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, आणि त्या उन्हातून माणूस जेव्हा भुयारी वाटेत उतरतो तेव्हा त्याच्या डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास काही मिनिटे लागतात. त्या मिनिटांत समोरची भिंत सर्वत्र सारखीच पांढरी व चकचकीत असेल, तर दिव्याचे प्रतिबिंब आणि भिंत यांतील भेद त्याला कळत नाही, वळण कोठे आहे ते कळत नाही, आणि पायऱ्यांवर ठेच लागते. अशा ठिकाणी पट्टा हा हाताला धरण्याच्या कठड्यासारखा नजरेला धरावयास मिळतो. त्याचा रंग कोणता असावा याचेही शास्त्र आहे. मंद उजेडात तांबडा रंग काळवंडतो आणि निळा-हिरवा तुलनेने उजळ दिसतो, हे एकोणिसाव्या शतकातच पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली निळ्याचा काळा होतो. आणि काही माणसांना, विशेषतः पुरुषांना, तांबड्या-हिरव्यातला फरक जन्मतःच दिसत नाही. म्हणून दोन पट्ट्यांत केवळ रंगाचे अंतर असून भागत नाही, फिकट-गडदाचेही अंतर असावे लागते, की वीज जाऊन भारनियमनाच्या तिन्हीसांजा आल्या तरी दोन पट्टे निरनिराळे ओळखू यावेत. हा विचार ज्याने केला त्याला मी रंगाचा जाणकार म्हणेन. निव्वळ सुंदर दिसते म्हणून जांभळ्याशेजारी निळा लावणाऱ्याला नव्हे.

घाणीविषयीचे कारण मी थोडक्यात निकालात काढतो. खर्रा खाऊन थुंकणारा माणूस भिंतीचा रंग पाहून थांबत नाही. पांढऱ्या टाइलवरचा डाग दिसतो हे खरे, पण दिसलेला डाग पुसला जातोच असे नाही. टाइलच्या काचेवरून तो पाण्याने जातो, सांध्यातील सिमेंटमध्ये मात्र तो मुरतो, आणि वर्षभरात पांढऱ्या भिंतीवर तांबूस जाळे उभे राहते. कित्येक कचेऱ्यांनी यावर असा तोडगा काढला आहे की, कमरेइतक्या उंचीपर्यंत विटकरी किंवा तपकिरी रंग द्यावा, म्हणजे डाग दिसणार नाही. या तोडग्यालाही माझा तितकाच विरोध आहे. कारण घाण लपविण्यासाठी रंगाची निवड करणे म्हणजे घाणीला कायमची वहिवाट देणे होय. शेणगावचे गाडगेबाबा, ज्यांची समाधी अमरावतीत आहे, त्यांनी गावोगाव हातात खराटा घेतला तो डाग न दिसावा म्हणून नव्हे. भिंत धुतली पाहिजे, रोज धुतली पाहिजे, आणि त्यासाठी माणूस नेमला पाहिजे, त्याला नियमित पगार मिळाला पाहिजे. या कामातून टाइलचा कोणताही रंग कोणाला सुटका देऊ शकत नाही.

खर्चाचेही तसेच. आपल्या देशात लागणाऱ्या टाइलचा फार मोठा भाग गुजरातेतील मोरबीहून येतो. टाइलची माती, भट्टी आणि मजुरी तीच असते, आणि रंग येतो तो वरच्या काचेत मिसळलेल्या धातूंच्या भस्मांमुळे: कोबाल्टचा निळा, तांब्याचा हिरवा, लोखंडाचा पिवळा-तपकिरी. सगळी भिंत रंगवावयाची असती तर मीही हात आखडता घेतला असता; येथे प्रश्न एका पट्ट्याचा आहे. अडचण आहे ती वेगळीच, आणि ती त्या सद्गृहस्थांनी बरोबर हेरली आहे. टाइल फुटली की जुळणारी मिळत नाही. प्रत्येक खोक्यावर छटेचा आणि लॉटचा क्रमांक छापलेला असतो. मिस्त्री तो पाहतो, पण माल मागविणारा कारकून पाहत नाही, आणि मग निळ्या पट्ट्यात एक आकाशी, एक राखी असे ठिगळ लागते. यावर उपाय पांढरी टाइल हा नव्हे, कारण पांढऱ्याच्याही छटा असतात आणि पांढऱ्यावरचे ठिगळ अधिकच बोचते. उपाय हा की, कंत्राटाच्या शर्तींतच शेकडा पाच टाइल त्याच लॉटच्या जादा घेऊन स्थानकाच्या कोठीत दाखल कराव्यात, आणि त्यांची नोंद जंगम मालाच्या रजिस्टरात करावी. जे रंगीत टाइलला परकी चैन समजतात त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, देवगिरीच्या किल्ल्यातील चिनी महालाला त्याचे नाव त्याच्या दर्शनी भागावरील निळ्या-पिवळ्या मिन्याच्या फरशांवरून मिळाले आहे, आणि तो महाल रेल्वेच्या कित्येक शतके आधीचा आहे.

आता त्या पाचव्या कारणाकडे वळतो, ज्यावर सभेने माना डोलविल्या. भगवा लावला तर एक म्हणेल आमचा, हिरवा लावला तर दुसरा म्हणेल आमचा, निळा लावला तर तिसरा. तेव्हा पांढरा लावावा म्हणजे कोणीच काही म्हणणार नाही. ऐकताना हे युक्तिवादासारखे वाटते, परंतु हा युक्तिवाद नव्हे, ही माघार आहे. फाल्गुनात मेळघाटच्या उतारावर पळस फुलतो तो कोणाच्या परवानगीने फुलत नाही. वरूड-मोर्शीच्या बागांतील संत्र्याला कोणी पक्ष विचारीत नाही. तुरीचे हिरवे शेत, धुण्याची निळी नीळ, हळदीचा पिवळा या सर्वांचा ताबा जर आपण एकेका गटाकडे बिनतक्रार सोपवून दिला, तर उद्या आपल्या मुलांनी चित्रकलेच्या तासाला कोणत्या रंगाने चित्र काढावे? ज्याचा हक्क नाही त्याने हक्क सांगितला, आणि आपण तो हक्क नाकारण्याऐवजी ती वस्तूच टाकून दिली, तर दाव्याचा निकाल त्याच्याच बाजूने लागला. सरकारी भिंत रंगाला भिऊ लागली म्हणजे त्या दाव्यांवर सरकारी शिक्का बसला.

तथापि मी केवळ भावनेने उत्तर देऊन थांबत नाही, कारण भांडणाची भीती खोटी नाही. आमच्या गावांत ती आपण पाहिली आहे. ज्याने एका स्थानकाला भगवा आणि शेजारच्याला हिरवा आपल्या मर्जीने दिला त्याला जाब द्यावा लागेल, आणि तो त्याला देता येणार नाही. म्हणूनच रंग मर्जीने देऊ नये, क्रमाने द्यावा. न्यूयॉर्कच्या त्या १९३२ च्या पद्धतीत मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे. तेथे कोणत्या वस्तीत कोण राहते हे पाहून रंग ठरला नाही. रंगांची रांग आधी लावली गेली, आणि स्थानके त्या रांगेत आपापल्या जागी उभी राहिली. आमच्या महसुलाच्या दफ्तरात सर्व्हे नंबर असेच पडलेले आहेत. गावाच्या एका कोपऱ्यापासून मोजणी सुरू झाली, आणि ज्याच्या शेताला जो आकडा आला तो आला; तेरा नंबर मिळाला म्हणून कोणी कलेक्टरकडे अर्ज केला नाही, आणि सात नंबर आपल्यालाच मिळावा म्हणून कोणी मोर्चा नेला नाही. जी गोष्ट कोणीही मागून घेऊ शकत नाही आणि कोणीही नाकारू शकत नाही ती आपोआप सर्वांची होते. रंगाची रांग एकदा जाहीर करावी, तिचा नियम स्थानकाच्या दारावर लावावा, आणि मग अचलपूरला पिवळा का व मूर्तिजापूरला निळा का, असे कोणी विचारले तर एकच उत्तर असावे: मोजून पाहा.

मला माझ्याच बाजूच्या काही मंडळींपासूनही येथे वेगळे उभे राहावे लागत आहे. रंगाचा पक्ष घेणाऱ्यांत असे पुष्कळ आहेत की ज्यांना प्रत्येक स्थानकाच्या भिंतीवर वाघ, धबधबा, किल्ला, नर्तकी यांची छापील चित्रे चिकटवून हवी आहेत. चित्राला माझा विरोध नाही. १९८४ साली देशातील पहिली मेट्रो कोलकात्यात सुरू झाली, आणि तेथील रवींद्र सदन या स्थानकाच्या भिंतींवर रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांची चित्रे आहेत, ती पाहून मन भरून येते. पण चित्र हे उभे राहून पाहावयाचे असते, आणि पट्टा हा धावताना दिसावयाचा असतो. एकाने दुसऱ्याचे काम करू नये. जेथे प्रत्येक भिंत चित्रांनी भरलेली आहे तेथे प्रवासी पुन्हा तितकाच हरवतो जितका माझ्या आत्याला घेऊन मी त्या राखी दगडाच्या स्थानकात हरवलो होतो. फार बोलणारी भिंत आणि मुकी भिंत यांत वाट विचारणाऱ्याच्या दृष्टीने फारसे अंतर नसते.

अमरावतीचा परकोट १८०७ साली पेंढाऱ्यांच्या भयाने बांधण्यास सुरुवात झाली. त्याला पाच दरवाजे व चार खिडक्या आहेत, आणि त्यांतील नागपुरी गेट व खोलापुरी गेट ही नावे त्या त्या दरवाजातून निघणारी वाट कोठे जाते हे सांगतात. अकोल्यातील दहीहांडा वेस आणि अगर वेस यांचीही नावे त्या त्या गावांच्या दिशेनेच पडली. म्हणजे भिंतीने पत्ता सांगावा ही मागणी मी नव्याने करीत नाही. आमच्या पूर्वजांनी संरक्षणासाठी जी भिंत घातली तिच्याकडूनही त्यांनी हे काम करून घेतले होते.

माझी तजवीज साधी आहे. मुंबई-हावडा मार्गाने येणारा माणूस बडनेऱ्याला उतरून अमरावतीची गाडी धरतो. हे अंतर अवघे दहा किलोमीटरच्या आसपास आहे, पण चुकीच्या फलाटावर उभे राहिले तर ते अर्ध्या दिवसाचे होते. बडनेऱ्यास अमरावतीच्या गाडीचा जो फलाट असेल त्याच्या भिंतीला, पुलाच्या किंवा भुयारी वाटेच्या तोंडापासून थेट गाडीच्या दारापर्यंत, एक अखंड पट्टा असावा, आणि अमरावतीच्या स्थानकात पाऊल ठेवताच तोच पट्टा पुन्हा दिसावा. अकोल्यास मुख्य मार्गाचा एक आणि पूर्णा-नांदेडकडे जाणाऱ्या मार्गाचा दुसरा, असे दोन. पट्टा गडद असेल तर शेजारचा फिकट असावा. तो गुळगुळीत चकाकीचा नसावा. उभ्या माणसांच्या डोक्यांवरून दिसेल असा एक वर, आणि गाडीत बसलेल्याच्या नजरेला पडेल असा एक खाली असावा. त्यात कोणाचे नाव, कोणाचे चिन्ह, कोणाची जाहिरात कधीही येऊ देऊ नये. आणि फुटलेली टाइल कोठीतील त्याच लॉटच्या टाइलने आठवड्याच्या आत भरून निघावी.

त्या सद्गृहस्थांना मी त्यांची सगळी भिंत पांढरी देण्यास तयार आहे. त्या भिंतीपैकी मला एक वीत हवी आहे, माझ्या आत्यासारख्या बाईला गर्दीतून मान वर करून पाहता येईल अशा उंचीवर, फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.